चौथी जागा

आमच्या कॅज्युअल्टीत पुरुषाच्या पोटात चार जागा होत्या आणि बाईच्या पोटात तीन. वाचणाऱ्याला वाटेल, या बाईचं डोकं फिरलंय. फिरलेलं माझं डोकं नव्हतं, पद्धत फिरलेली होती. नांदेडच्या त्या खाजगी दवाखान्यात ती सगळ्यांच्या इतकी अंगवळणी पडली होती, की नवीन आलेल्या डॉक्टरला ती कुणी शिकवतसुद्धा नसे. दोन-चार ड्युट्यांमध्ये तो बघून बघून शिकायचा.

जागा म्हणजे काय ते आधी सांगते. अपघाताचा किंवा पोटदुखीचा पेशंट येतो, बीपी खाली गेलेलं असतं, चेहरा पांढरा पडलेला असतो, आणि आत कुठं रक्त साचलंय का ते लगेच कळायला हवं असतं. अशा वेळी आम्ही पेशंटच्या पलंगाशीच सोनोग्राफी करतो. चाकांच्या स्टँडवरचं छोटं मशीन ओढत आणायचं, जेली लावायची आणि वायरीच्या टोकाचा प्रोब चार ठिकाणी ठेवून बघायचं. उजवीकडे बरगड्यांखाली यकृत आणि मूत्रपिंडाच्या मध्ये. डावीकडे प्लीहेपाशी. छातीच्या मधल्या हाडाखाली, हृदय दिसतं तिथं. आणि चौथी जागा ओटीपोटात, लघवीच्या पिशवीच्या मागं. साचलेलं रक्त पडद्यावर काळं दिसतं. काळं दिसलं की सर्जनला फोन. हातातला चहा निवायच्या आत सगळं होतं, आणि झालं नाही तर पेशंट निवतो. हे वाक्य मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी सांगते. ती दचकतात. दचकलेलीच बरी.

मी हे लातूरला शिकले. आमचे सर तापट होते, आणि मी म्हणजे मुखेडच्या बाजूची, तोंडानं फाटकी. त्यामुळं आमचं जमलं. शिकायचं कुणावर, तर एकमेकांवर. सर म्हणायचे, "पाणी पिऊन घ्या रे, लघवीची पिशवी भरल्याशिवाय खाली काही दिसत नाही." मग वर्गातला एखादा ढेरपोट्या बाटलीभर पाणी पिऊन टेबलावर आडवा व्हायचा आणि आम्ही सगळे आळीपाळीनं त्याच्या पोटावर प्रोब दाबायचो. तो कळवळून म्हणायचा, "लवकर आटपा ना बाबांनो, मला जायचंय." मजा यायची. पण त्या टेबलावर बाई कधी झोपली नाही. वर्गात आम्ही चार-पाच मुली होतो. मी एकदा विचारलं, "सर, आम्ही एकमेकींवर बघू का?" सर म्हणाले, "आधी पास हो, मग विचार." सर भित्रे नव्हते. त्यांना हातात प्रोब आणि समोर बाईचं ओटीपोट, एवढ्याचंच भय होतं. हे भय आमच्याकडं सगळ्याच डॉक्टरांना असतं.

त्याचं कारण मराठी माणसाला सांगायला नको. दवाखान्याच्या भिंतीवरचा तो फलक सगळ्यांनी वाचलेला असतो, इथं गर्भलिंग तपासणी केली जात नाही. कायदा कडक आहे. मशीन कुठलं, खोली कुठली, हात कुणाचा, सगळं नोंदलेलं लागतं, आणि कागदात खोट निघाली की मशीनला सील. मी कायद्याला नावं ठेवणारी नाही. मी आईबापाची तिसरी मुलगी. आमच्या तालुक्यात मशीन थोडं आधी आलं असतं, तर हे लिहायला मी नसते, एवढं मला पक्कं ठाऊक आहे. पोटातल्या मुली मारणारे कोट घालून मोटारीतून फिरले, आणि त्यांच्यामुळं घाबरायची पाळी कॅज्युअल्टीवर आली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे.

नांदेडला नोकरीला लागले तेव्हा मशीन होतं, नोंदणी होती, माझ्याकडं प्रमाणपत्र होतं. पहिलं वर्ष बरं गेलं. मग गावातल्या कुठल्याशा दवाखान्याचं मशीन सील झाल्याची बातमी आली. खरं काय घडलं होतं ते आम्हाला कधीच कळलं नाही. पण आमच्या मोठ्या डॉक्टरांनी, म्हणजे दवाखान्याच्या मालकांनी, दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना बोलावलं. तोंड पोळलं शेजाऱ्याचं, आणि ताक फुंकून प्यायला लागलो आम्ही. हुकूम निघाला, कॅज्युअल्टीत बाईच्या ओटीपोटावर कुणी प्रोब ठेवायचा नाही. बघायचंच असेल तर पेशंटला वर सोनोग्राफीच्या खोलीत न्यायचं, तिथले डॉक्टर रीतसर फॉर्म भरून बघतील. ते डॉक्टर सकाळी थोडा वेळ आणि संध्याकाळी थोडा वेळ यायचे. मधल्या वेळेत बाईनं आत रक्त सांडायचं नाही, असा त्याचा अर्थ.

मी भांडले. खूप भांडले. शेवटी मालक वैतागून म्हणाले, "तुमच्या नावावर नोंद आहे, तुम्ही बघत जा. बाकी कुणी नाही." एवढंच पदरात पडलं. म्हणजे मी ड्युटीवर असले की बाईला चार जागा, आणि मी नसले की तीन.

आता सिस्टरविषयी. आमच्या कॅज्युअल्टीची मुख्य सिस्टर नायगावकडची होती. पस्तिशीच्या आसपासची, उंच, हाडापेरानं मजबूत. नवरा मोटरसायकलच्या अपघातात गेला होता, तेव्हा मुलगी अजून शाळेतही जात नव्हती. गावाकडची शेती दीर बघायचा. ही सासू आणि मुलगी यांना घेऊन नांदेडला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायची. सासू रोज दुपारी डबा घेऊन दवाखान्यात यायची आणि बाहेरच्या बाकावर सून मोकळी होईपर्यंत बसून राहायची. कामात सिस्टर वाघीण होती. दारू पिऊन आलेला दोनशे पौंडी पैलवान तिच्या एका नजरेनं गप्प व्हायचा. माझा आवाज चढला की ती मुद्दाम हळू बोलायची. "मॅडम, पेशंट बहिरा न्हाई," म्हणायची. किंवा, "मॅडम, तुमचं झालं असंल तर मी सलाईन लावू का?" कितीही राग आला असला तरी मला हसू फुटायचं.

हुकूम आल्यावर सिस्टरनं एक गोष्ट सुरू केली. बाई पेशंट पलंगावर आली, की मशीन चालू व्हायच्या आधीच ती एक हिरवी चादर घडी करून तिच्या कमरेपासून खाली घालायची आणि दोन्ही बाजूंनी गादीखाली खोचायची. नवीन डॉक्टरचा हात चुकूनसुद्धा खाली जाऊ नये म्हणून. मी असले की चादर मी काढायची, ती काही म्हणायची नाही. मी एकदा तिला म्हणाले, "सिस्टर, तुम्ही मालकांच्या पार्टीतल्या." ती म्हणाली, "मी कुणाच्या पार्टीतली न्हाई मॅडम. मशीन सील झालं तर बापे बी मरतील अन् बाया बी. आत्ता निदान अर्धे तरी बघून होतंय."

त्या दिवशी मी लातूरला होते. ज्या हॉलमध्ये मी शिकले तिथंच आता मला शिकवायला बोलवतात. आजूबाजूच्या तालुक्यांतले तरुण डॉक्टर होते, औशाचे, उदगीरचे, निलंग्याचे. टेबलावर पोट भरून पाणी प्यायलेला एक तगडा पोरगा झोपवलेला होता. मी चौथी जागाच दाखवत होते. "ही पिशवी. हिच्या मागं काळी रेघ दिसली तरी ती सोडायची नाही," असं सांगत होते, तेवढ्यात खिशात फोन थरथरला. मी कापला. परत वाजला. नाव बघितलं तर कॅज्युअल्टीतला ज्युनिअर डॉक्टर. तो उगीच फोन करणारा नव्हता.

"मॅडम, आपल्या सिस्टर पडल्या," तो म्हणाला. "हात धुताना चक्कर आली. सकाळपासून पोटात दुखतंय म्हणत होत्या. ॲसिडिटी म्हणून स्वतःच इंजेक्शन घेतलं होतं. बीपी नव्वद आहे."

"सोनोग्राफी केलीस?"

"केली मॅडम. क्लिअर आहे. तिन्ही जागा."

मी हॉलच्या मागच्या भिंतीकडं गेले. "नाडी किती आहे? झोपलीय का बसलीय?" नाडी धावत होती. ती उशीला टेकून बसली होती, आडवं झालं की खांदा दुखतो म्हणत होती. पोटाचा पेशंट आडवा झाल्यावर खांदा दुखतो म्हणाला, की पोटातलं रक्त वर सरकून छाती-पोटामधल्या पडद्याला टोचतंय, हे आम्ही पाठ केलेलं असतं. आणि ती बसून होती म्हणजे सगळं रक्त खाली चौथ्या जागेत उतरलेलं असणार. वर काय दिसणार, कपाळ?

"पाळीचं विचारलंस? लघवीची टेस्ट केली?"

तो म्हणाला, "मॅडम, त्या विधवा आहेत. कसं विचारू?"

मला शिवी आली होती. गिळली. त्याचं काही चुकत नव्हतं असंही नाही, पण तो उदगीरकडच्या घरातला पोरगा. विधवा बाईला, आणि त्यातून सिस्टरला, पाळी कधी आली म्हणून विचारायचं, हे त्याच्या जिभेवर कुणी ठेवलंच नव्हतं. मी म्हणाले, "विचारू नको. प्रोब घे आणि खाली बघ. माझ्या नावावर बघ. जे होईल ते मी निस्तरते."

"त्या बघू देत नाहीत मॅडम. चादर धरून ठेवलीय."

त्याला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. पडद्यावर पलंग दिसला, मशीन दिसलं, आणि सिस्टर दिसली. ओठ पांढरे. कमरेपासून खाली ती हिरवी चादर, आणि तिच्या दोन्ही हातांची बोटं चादरीच्या काठात रुतलेली. इतक्या बायकांच्या अंगावर तिनं ती घातली होती. आता स्वतःवर घालून घेतली होती.

"सगळ्यांना बाहेर काढ," मी ज्युनिअरला सांगितलं. "फोन त्यांच्या हातात दे."

पडदा ओढल्याचा आवाज आला. मग तिचा चेहरा अगदी जवळ.

"मॅडम, काही न्हाई. होईल बरं."

"सिस्टर, खांदा कधीपासून दुखतोय?"

तिला त्या प्रश्नाचा अर्थ ठाऊक होता. माझ्याइतकाच.

"पाळी चुकली होती का?"

तिनं मान फिरवली. मग हळूच म्हणाली, "माझं मी केलंय मॅडम. गोळ्या घेतल्या. चार दिस झाले. रक्त गेलं, होऊन गेलं सगळं. हे त्याचंच दुखतंय. एवढं दोन सलाईन जाऊ द्या."

मला सगळं एका क्षणात कळलं. गर्भ गर्भाशयाच्या पिशवीत नव्हताच, बाजूच्या नळीत होता. त्या गोळ्या पिशवीतल्या गर्भाला लागू पडतात, नळीतल्याला नाही. अंगावरून थोडं रक्त गेलं, तिला वाटलं, सुटले. नळी फुगत राहिली आणि आज फुटली. मी तिला हे सगळं सांगितलं. आवाज चढू न देता सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा.

ती म्हणाली, "फॉर्म भरावा लागंल. त्याच्यात नवऱ्याचं नाव लिहावं लागतं मॅडम. कुणाचं लिहू?"

"मी लिहीन काय ते. तुम्ही चादर सोडा."

"वर नेतील. मग ऑपरेशन. सही लागंल सासूबाईंची. बाहेर बसल्यात त्या डबा घेऊन. त्यांना काय सांगू? दीर येईल गावाकडून. पोरगी दहावीला हाय माझी." ती धापा टाकत होती. "तुम्ही या ना मॅडम. तुम्ही बघा. तुम्ही आलात तर बघू देते."

"सिस्टर, मी लातूरला आहे."

"हाव, ठाऊक हाय. थांबते मी."

थांबते. एवढी हुशार बाई, किती बायकांना तिनं "आता थांबायचं न्हाई, चला" म्हणून ढकलत ऑपरेशनला नेलं होतं, आणि ती मला थांबते म्हणाली. मग मात्र मी ओरडले. काय काय ओरडले ते आठवत नाही. तुम्ही मराल असं म्हणाले, पोरीला कोण बघेल म्हणाले, मूर्ख म्हणाले. अख्खा हॉल माझ्याकडं वळून बघत होता. टेबलावरचा पोरगा पोटावर जेली तशीच घेऊन उठून बसला होता.

तिनं चादर सोडली नाही. फोनमध्ये छत दिसलं, मग अंधार, मग ज्युनिअरचा आवाज, "सिस्टर, सिस्टर." तिची शुद्ध गेली तेव्हा बोटं सुटली. ज्युनिअरनं प्रोब खाली ठेवला आणि फोन मशीनच्या पडद्यासमोर धरला. लघवीची पिशवी दिसलीच नाही. सगळं काळं होतं.

"स्त्रीरोगाच्या मॅडमना बोलाव. रक्तपेढीला फोन. दोन्ही हातांना लाईन. ऑपरेशनला घे, सहीसाठी थांबू नको," मी सांगत सुटले. तो "हो मॅडम, हो मॅडम" करत होता. मग फोन बंद झाला.

एका ओळखीच्या डॉक्टरनं त्याच्या गाडीतून मला नांदेडला न्यायचं ठरवलं. आम्ही अहमदपूरच्या रस्त्याला लागलो. बाहेर कडक ऊन होतं, रस्त्यानं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या चालल्या होत्या आणि प्रत्येक ट्रॉलीमागं आमची गाडी रांगत होती. मला राग आला होता, पण कुणाचा ते ठरवता येईना. मालकांचा आला, सरांचा आला, गोळ्या विकणाऱ्या मेडिकलवाल्याचा आला. ज्या कुणा पुरुषामुळं हे झालं होतं त्याचा आला, आणि तो कोण हे मला आजही माहीत नाही. मी कधी शोधलं नाही. सिस्टरचाही आला. एवढी वाघीण, आणि एका म्हातारीला भ्यायली. बरोबरचा डॉक्टर मध्येच म्हणाला, "पाणी घ्या थोडं." मी त्याच्यावरही खेकसले. बिचारा गाडी चालवत राहिला.

लोह्याच्या अलीकडं फोन आला. ज्युनिअर होता. रडत होता, त्यामुळं आधी काही कळेना. पोट उघडल्या उघडल्या रक्ताचा लोट बाहेर आला होता. नळी बांधली होती. रक्ताची पहिली बाटली लागेपर्यंत हृदय एकदा बंद पडलं, ते चालू केलं. परत पडलं. मग चालू झालं नाही.

"सासूबाईंना कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही मॅडम. सगळे म्हणतायत तुम्ही या. मोठे डॉक्टर पण म्हणाले, त्या आल्या की सांगतील."

आमच्याकडं हे असंच आहे. मेलेल्याची बातमी कुणाच्या तोंडात बसत नाही. नातेवाईक जमतील, काचा फुटतील, डॉक्टरला मारतील, याची धास्ती. मग ज्याचं तोंड फाटकं, त्याला पुढं करायचं. मी फोन ठेवला.

दवाखान्यात पोचले तेव्हा ऊन कललं होतं. ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर सासू एकटीच बसली होती. पांढऱ्या केसांवर पदर, पाय वर घेतलेले, डब्याची पिशवी मांडीवर. वॉर्डबॉय, सिस्टरी, सगळे भिंतीच्या कडेनं जात होते आणि तिच्याकडं न बघता जात होते. स्त्रीरोगाच्या मॅडमनी मला आत ओढून सगळं सांगितलं आणि विचारलं, "म्हातारीला काय सांगणार?" मी म्हणाले, "बघते." खरं तर मी रस्ताभर ठरवून आले होते, की नळीचं काही बोलायचं नाही. ज्या गोष्टीसाठी ती बाई जिवाला मुकली, ती गोष्ट मी तिच्या सासूला सांगू? मेल्यावर सुद्धा तिला उघडी पाडू? ते माझ्याच्यानं झालं नसतं.

मी जाऊन शेजारी बसले.

"गेली का?" तिनंच विचारलं.

"हाव, मावशी."

ती रडली नाही. डब्याची पिशवी मांडीवरून खाली ठेवली. म्हणाली, "पोटात होतं तिच्या."

मी चमकून बघितलं. तो प्रश्न नव्हता.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगाया कुणी कशाला पायजे? एक मोरी हाय घरात अन् दोन बाया. दर महिन्याला मेडिकलातून पुडा आणायची. दोन महिने आणला न्हाई. सकाळी नळ सोडून मोरीत वकायची, मला ऐकू जाऊ न्हाई म्हणून. म्हातारी हाय मी, बहिरी न्हाई."

सून याच सुरात बोलायची.

"मग बोलला का नाहीत तिला?"

"काय बोलू, बाई? माझं लेकरू गेलं तव्हा ती तीस वर्सांची बी नव्हती. मीच म्हणलं व्हतं, दुसरं लगीन कर, पोरीला मी सांभाळते. न्हाई म्हणली. मंग मी काय तिला लाकडाची समजू? माणूसच हाय." तिनं पदराच्या टोकानं तोंड पुसलं. "म्हणलं, सांगंल तिच्या तोंडानं. मी वाटच बघून राहिले व्हते. आपण इचारावं अन् तिनं लाजून घर सोडावं, पोरीला घेऊन कुठं निघून जावं, मंग मला कोण हाय? ह्याच भ्यावानं मी तोंड उघडलं न्हाई."

दोन खोल्यांत दोघी. एकीला वाटत होतं सासूला कळेल, आणि दुसरीला वाटत होतं सून निघून जाईल.

तिनं माझ्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. डोळे कोरडेच होते.

"माझं भ्याव वाटलं का वो तिला?"

मी तिचा हात धरला. हो म्हणवेना, नाही म्हणवेना. माझ्याच डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि तिला तिचं उत्तर मिळालं. तिनं मान खाली घातली.

जिन्यात पावलं वाजली. गावाकडून दीर आला होता, बरोबर चार-सहा माणसं. घामाघूम, डोळे लाल. माझा पांढरा कोट बघून तो सरळ माझ्या अंगावर आला. "काय केलं वहिनीला? सकाळी धडधाकट कामावर आली व्हती. काय झालं व्हतं तिला? सांगा, काय झालं व्हतं?" वॉचमन पुढं झाला. मागच्या माणसांनी बाह्या वर केल्या.

मी तोंड उघडायच्या आत म्हातारी बाकावरून उठली. उठताना तिनं माझ्या खांद्याचा आधार घेतला, आणि दिराच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"आतडं फुटलं तिचं," ती म्हणाली. आवाज अगदी स्थिर होता. "लई दिसापासून दुखून राहिलं व्हतं. अंगावर काढलं तिनं, मला ठाऊक व्हतं. ह्यांनी लई केलं. ह्यांना काही बोलू नको."

मग तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं.

"हाय की न्हाई, बाई?"

"हाव," मी म्हणाले.